पावसाळ्यासाठी रक्त हवे, पण पाळीपाळीने

सप्रेम नमस्कार.

अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा आणि सिरोंचा. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या या पाच तालुक्यांसाठी हे आवाहन आहे. जिल्ह्याची मुख्य रक्तपेढी गडचिरोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आहे. आलापल्लीहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर, भामरागडहून पावणेदोनशेच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंदच होतो. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोन तासांतही दगावू शकते. तिच्या अंगात मुळातच सात ग्रॅमपेक्षा कमी रक्त (हिमोग्लोबिन) असेल तर त्याहूनही लवकर. सिकलसेलचे रुग्ण आणि हिवतापाने रक्त उतरलेली लहान मुले हीसुद्धा त्याच पिशवीची वाट पाहत असतात.

मग मे महिन्यात एक मोठे शिबिर घेऊन दोनशे पिशव्या साठवून ठेवू, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. साध्या पिशवीतले रक्त 2 ते 6 अंश तापमानात 35 दिवस टिकते. तांबड्या पेशी वेगळ्या करून पोषक द्रावणात ठेवल्या तर 42 दिवस. म्हणजे मे अखेरचे रक्त जुलैच्या मध्यापर्यंत संपते किंवा फेकावे लागते, आणि खरी गरज तिथून पुढे सुरू होते. वाढदिवसाच्या शिबिरांचे फोटो छान येतात, पण ऑगस्टमधल्या बाळंतिणीला त्यांचा उपयोग नाही.

दुसरी अडचण आपल्याच भागाची. हिवताप झालेल्याला पूर्ण बरे झाल्यावर तीन महिने रक्त देता येत नाही. डेंग्यू किंवा चिकुनगुनिया झाला असेल तर सहा महिने. पावसाळ्यात हिवताप वाढतो, म्हणजे रक्ताची गरज वाढते त्याच महिन्यांत दाते कमी होतात. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवसभर बांधीत वाकून आलेल्या माणसाला संध्याकाळी रक्त मागणे बरे नाही आणि सुरक्षितही नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात लोक पहाटेच जंगलात जातात, तेव्हाही कोणी सापडत नाही.

म्हणून आम्हाला गर्दी नको, यादी हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक छोटे शिबिर, असे नियोजन आहे. दात्यांचे सहा गट असतील. पुरुषाला 90 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, त्यामुळे पहिल्या गटातले पुरुष सातव्या शिबिराला परत येऊ शकतात. स्त्रियांसाठी हे अंतर 120 दिवसांचे आहे, म्हणजे त्यांचा नंबर नवव्या शिबिराला. एका शिबिरात 30 पिशव्या हव्यात, पण गटात 45 नावे लिहून घेत आहोत, कारण तपासणीत काही जण थांबवले जातातच. निगेटिव्ह रक्तगटाच्या दात्यांना मात्र आम्ही शिबिरात बोलावणार नाही. शंभरात पाचेक माणसे निगेटिव्ह. त्यांची नावे वेगळी ठेवून गरज पडेल तेव्हाच निरोप देऊ.

नाव देण्यापूर्वी एवढे पाहा. वय 18 ते 65, पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या बायांनी देऊ नये; पाळीच्या दिवसांतही नको. गोंदवून घेतले असेल तर वर्षभर थांबा. सिकलसेलच्या रुग्णाने रक्त द्यायचे नाही. वाहक असाल तर कार्ड सोबत आणा, शिबिरातले डॉक्टर ठरवतील. उपाशीपोटी येऊ नका, चार तासांच्या आत जेवलेले असावे. रात्रपाळी करून थेट येऊ नका, आणि मोहाची घेऊन तर मुळीच नको.

बोटातून घेतलेला थेंब निळ्या द्रावणात टाकतात. तो पटकन तळाशी गेला तर रक्त पुरेसे आहे, तरंगत राहिला तर कमी. थेंब तरंगलेल्यांनी लाज वाटून घेऊ नये, लोहाच्या गोळ्यांसाठी आशाताईंकडे नाव सांगावे. 350 मिलिलिटर दिल्यावर पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना चार ते सहा आठवडे लागतात. कायमची कमजोरी येते हा समज खोटा आहे. पण त्या दिवशी नांगर धरू नका, झाडावर चढू नका, भरपूर पाणी प्या.

प्लेटलेटसाठी मात्र इथले शिबिर फारसे कामाचे नाही. रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत, थंड न करता, प्लेटलेट वेगळ्या कराव्या लागतात; पावसात एवढा वेळ रस्त्यातच जातो. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्यासाठी गडचिरोलीला जाऊनच द्यावे.

आता वस्तूंबद्दल. गोळा झालेल्या पिशव्या गडचिरोलीला नेण्यासाठी रक्तवाहतुकीच्या चार शीतपेट्या, प्रत्येकीत एक डिजिटल तापमापक आणि बर्फाची 24 पाकिटे लागतील. पिशवीला बर्फ थेट टेकला की पेशी गोठून फुटतात, म्हणून मध्ये ठेवायला जाड पुठ्ठेही. बारा फेऱ्यांचे डिझेल हवे, आणि दुर्गम टोल्यांवरून दात्यांना आणणारी दोन चारचाकी वाहने, चालकासह. घरगुती फ्रीज कृपया देऊ नका: दार उघडले की तापमान चढते, वीज गेली की कळतही नाही, त्यात रक्त ठेवता येत नाही. केळी, गूळ-शेंगदाणे, लिंबू सरबत गावातूनच होईल.

दात्यांसाठी भेटवस्तूही नकोत. पैसे घेऊन रक्त देण्यावर 1 जानेवारी 1998 पासून देशात बंदी आहे, आणि मिक्सर-हेल्मेटच्या आशेने आलेला माणूस आपला आजार लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी प्रकारच्या काविळी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि हिवतापासाठी तपासणी होते खरी, पण अगदी ताजा संसर्ग तपासणीतूनही निसटू शकतो. खरे सांगणारा दाता हीच पहिली चाळणी.

नागपूर-पुण्याला कामाला असलेल्या मंडळींनी डिझेलचा भार उचलावा. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नका; ग्रामपंचायतीत पावती घ्या किंवा पेट्रोल पंपावर परस्पर भरा.

नावे आपल्या गावच्या आशाताई किंवा ग्रामपंचायत कार्यालयात 25 मेपर्यंत द्यावीत. रक्तगट, वजन, शेवटचे रक्तदान आणि शेवटचा हिवताप कधी, हे चार तपशील सोबत लिहून आणा. रक्तगट माहीत नसेल तरी नाव द्या, तो शिबिरात कळेल.

परिसरातील ग्रामपंचायती, आशा कार्यकर्त्या आणि युवक मंडळांच्या वतीने