बाबा, तुमची 60 दिवसांची सुट्टी मी मंजूर केलीय

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणून फोनवर सांगून झालं तीनदा, आणि तिन्ही वेळा बाबांनी "बघू, ज्वारी निघू दे" म्हणून विषय मिटवला, म्हणून आता पत्र लिहितेय. बाबा, तुम्हाला हे वाचता येणार नाही हे मला माहितीय, त्यामुळे आई तूच मोठ्यानं वाच. आणि एक सांगते, मधलं काही गाळू नकोस. तुला ती सवय आहे. बाबांचं 56 एपीओचा, म्हणजे लष्करी पोस्टाचा, शिक्का असलेलं पाकीट आलं की तू आजीला वाचून दाखवायचीस आणि मधेच एखाद्या ओळीवर थांबून एकदम "बाकी सर्व कुशल" वर उडी मारायचीस. मी दारामागून बघायचे. नंतर ते पत्र पिठाच्या डब्यामागं सापडायचं, मग मी गाळलेलं वाचायचे. म्हणजे इथंही गाळलंस तर मला कळेल.

तर विषय मोतीबिंदूचा.

नोव्हेंबरात आले होते तेव्हा सकाळी साडेसातला उठले तर पडवीत अकरा बायका आणि चार म्हातारे, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत पीपीओ म्हणजे पेन्शनचा कागद, आधार, पासबुक. मला वाटलं रेशनचं काही आहे की काय. आई म्हणाली हयातीचे दाखले चाललेत, दरवर्षी असतं, चहा ठेव. फौजेची पेन्शन स्पर्श या ऑनलाइन यंत्रणेवर गेल्यापासून आणि चेहरा दाखवून दाखला काढायची सोय झाल्यापासून जिल्हा सैनिक कार्यालयाच्या फेऱ्या वाचल्या हे खरं, पण ज्या काकूंनी आयुष्यात मोबाईल फक्त कानाला लावला त्यांनी तो तोंडासमोर धरायचा कसा, म्हणून सगळी वरात आपल्या पडवीत. खालच्या आळीच्या काकूंच्या बोटांचे ठसे खुरपणीनं कधीच झिजून गेलेत, मशीन घेतच नाही, त्यांना हा चेहऱ्याचा प्रकार म्हणजे देवच पावला.

आणि तुम्ही बाबा, मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरून, परेडचा आवाज लावून, "डोळे मिटा. उघडा. मिटा. अहो हसू नका, उघडा." काकू पदर तोंडाला लावून हसतायत, तुम्ही रागावताय, परत सगळं पहिल्यापासून. मला इतकं हसायला येत होतं. मग ओटीपी आला. तुम्ही मोबाईल नाकाला टेकेपर्यंत जवळ आणलात, मान तिरकी केलीत आणि 3 चा 8 टाकलात. चुकला. परत मागवला, परत चुकला. तिसऱ्या वेळी सगळं लक्ष आपल्याकडं आहे हे ओळखून म्हणालात, "रेंज नाही इथं." रेंज चांगली चार दांड्या होती हो बाबा. मी काही बोलले नाही, पंधरा माणसांसमोर कॅप्टनसाहेबांना काय बोलणार.

(कॅप्टनसाहेब म्हटलं की तुम्हाला आवडत नाही तेही माहितीय. 26 जानेवारी 2008 च्या यादीत ऑनररी कॅप्टन म्हणून नाव आलं, गावानं वेशीपासून मिरवणूक काढली, पण तुम्ही आजही म्हणता की सुभेदार मेजर म्हणा, ती रँक मी कमावलीय, ही मानाची आहे. 1975 ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये शिपाई म्हणून भरती झालेला माणूस, दहावीची परीक्षा पलटणीत असताना दिलेला, त्यानं हे म्हणावं हे मला पटतं. पण गाव ऐकणार नाही.)

दुसऱ्यांच्या पापण्या मिटतात की नाही ते बघणाऱ्या माणसाला समोरचा आकडा दिसत नाही, आणि विचारलं की "अजून पिकला नाही." बाबा, पिकेपर्यंत थांबायचं हे आजोबांच्या काळातलं. आता तसं नसतं, मी दोन डॉक्टरांना विचारलंय, उलट फार जुना झाला तर काढायला अवघड. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड आहे, सातारच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यायचा, पुण्यात ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. घरी म्हणजे माझ्या घरी. आधी एक डोळा, मग मधे काही आठवडे सोडून दुसरा, ड्रॉप्स, धुरळ्यात जायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे साधारण 60 दिवस.

60 हा आकडा मी मुद्दाम काढलाय. लहानपणी आमचं वर्ष तुमच्या वार्षिक सुट्टीच्या त्याच आकड्यावर चालायचं. झेलम एक्सप्रेसनं पुण्यात उतरायचात, तिथून एसटी, मग कोरेगाव, आणि शेवटी बैलगाडीतून काळी ट्रंक, पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव लिहिलेली, तिच्यातून अक्रोड आणि रमचा वास एकदमच यायचा. पहिले आठ दिवस मी तुमच्याजवळ यायचे नाही म्हणे, दादा तुम्हाला "तो माणूस" म्हणायचा. आणि सवय झाली की ट्रंक भरायला घ्यायचात. पण त्या सुट्टीतसुद्धा किती दिवस आमचे होते? कुणाची सोयरीक, कुणाचा बांधाचा वाद, कुणाच्या पोराला भरतीला न्यायचं. मी कधी भांडले नाही यावरून. आता भांडतेय.

आई, हा पुढचा भाग तू गाळणार म्हणून परत सांगते, वाच.

1999 च्या त्या कारगिलच्या उन्हाळ्यात बाबा नक्की कुठं आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं. पत्त्यावर तेच 56 एपीओ, त्यावरून काय कळतं. संध्याकाळी सातला दूरदर्शनवरच्या बातम्या लागल्या की तू चुलीपुढून उठून दारात उभी राहायचीस, आत यायची नाहीस. पाऊस झाल्यावर तीन एकरात वाघ्या घेवडा तू एकटीनं पेरलास, आजीचा दमा, दादाची दहावी, म्हैस व्यायला आलेली. ऑगस्टमध्ये वरच्या गल्लीच्या एसटीडी बूथवर फोन आला आणि तू एवढंच बोललीस, "घेवडा चांगलाय." मी शेजारी उभी होते. दादाला नंतर सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. त्या तीन महिन्यांचं मेडल कुणाच्या छातीवर लागलं ते तूच रोज पुसतेस ना कपाटात.

आणि रिटायर होऊन आल्यावर तरी काय झालं. 2016 ला गावागावांतल्या पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेसाठी पहिल्यांदा तीन तालुके निवडले, त्यात आपला आला आणि तुमच्या अंगात परत पलटण शिरली. पहाटे शिट्टी, टिकाव-फावडी मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची, डोंगराला सलग समतल चर, तरुण मंडळ एका सेक्शनला, भजनी मंडळ दुसऱ्या. दोन गटांची तोंडं दोन दिशेला असणारं गाव तुम्ही एका ओळीत उभं केलंत, कसं ते मला अजून कळलेलं नाही, बहुतेक शिव्या दोघांनाही सारख्या घातल्या म्हणून. पहिला नंबर वेळू गावानं काढला. आपल्याला काही मिळालं नाही, पण मागच्या दोन उन्हाळ्यात टँकर आला नाही हे तुम्ही प्रत्येक पाव्हण्याला सांगता. सांगा. पण त्या दीड महिन्यात घमेली वाहून आईचा गुडघा गेला तो गेलाच, हे पण सांगत जा.

भरतीच्या पोरांचंही तसंच. साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर, नऊ फुटी खड्डा, दहा पुलअप्स, पहाटे पाचला तुम्ही स्टॉपवॉच घेऊन माळावर. आता ते घड्याळ तरी दिसतं का? अग्निवीरचं चार वर्षांचं काय म्हणून पोरं विचारतात तेव्हा तुम्ही "पळा आधी" एवढंच म्हणता, ऑर्डरवर बोलायचं नाही ही तुमची सवय. मला याबद्दल बरंच बोलायचंय, समोरासमोर बोलू. तीन मुली पण येतात आता पळायला हे ऐकून बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला, माझ्या वेळी मुलींना जवान म्हणून भरतीच नव्हती, नाहीतर तुम्ही मला झोपू दिलं नसतंत.

तर तारीख. 26 जानेवारीला शाळेचं झेंडावंदन तुमच्याशिवाय होणार नाही, मान्य. 4 फेब्रुवारीला मराठा डे, तुमच्या रेजिमेंटचा दिवस, कोंढाणा घेतल्याचा, सकाळपासून जोडीदारांचे फोन, तेही मान्य. 5 तारखेला दादा गाडी घेऊन येतोय. दाखल्यांचं काम दादाच्या बायकोला शिकवा, तिला कॉम्प्युटर येतो आणि तुमच्यापेक्षा आवाज चढा आहे. काळ्या ट्रंकेतल्या लोकांच्या फायली तिच्या ताब्यात द्या, यादी करून, सह्या घेऊन, तुमच्याकडं चार्ज देतात तसं. स्टॉपवॉच भाच्याला. ज्वारी वाटेकरी काढेल, तो दरवर्षी काढतोच, तुम्ही फक्त बांधावर उभे असता.

आई, तू पण येतेयस. बेळगावच्या क्वार्टरमधली ती दोन वर्षं सोडली तर तू घराबाहेर महिनाभर कधी राहिलीच नाहीस. गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, आणि म्हशीचं काय हे विचारायचं नाही, दादाला धार काढता येते, तो फक्त सांगत नाही.

तुमची,
मनी

ता. क. आई, येताना घेवडा आणू नकोस, मागचा अजून डब्यात आहे. बरं, किलोभर आण, शेजारणीला कबूल केलाय.