अकरावीची मार्कशीट आणि अमेरिकेतले छोटे कॉलेज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांकडे पुण्यातल्या पालकांचे लक्ष आता वळू लागले आहे, हे चांगलेच झाले. दीड-दोन हजार विद्यार्थी, वर्गात पंधरा-वीस जण, भौतिकशास्त्राच्या जोडीला संगीत किंवा तत्त्वज्ञान घेण्याची मुभा. मात्र विषय निघाला की पहिला प्रश्न असतो 'चान्स किती?', आणि उत्तरादाखल कॉलेजचा छापील स्वीकृतीचा टक्का दाखवला जातो. पुण्यातल्या मुलाला त्या टक्क्याचा फारसा उपयोग नाही.

समजा, पहिल्या वर्षाला ५०० जागा आहेत. त्यातला मोठा हिस्सा, काही कॉलेजांत निम्म्याच्या आसपास, 'अर्ली डिसिजन' या लवकर अर्ज करायच्या फेरीतच भरतो. या फेरीचा टक्का नेहमीच्या फेरीपेक्षा बराच जास्त दिसतो, म्हणून सल्लागार सगळ्यांना तिकडेच पिटाळतात. पण त्या टक्क्यात प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडूही असतात. ही कॉलेजे बहुतेक एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात; तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण एवढ्याशा कॉलेजला संघ तर सगळे उभे करायचे असतात. त्या जागा वगळल्या की फायदा उरतो तो बेताचाच. शिवाय ही फेरी बांधून घेणारी असते. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या होतात आणि निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. कॉलेजकडून आर्थिक मदत पुरेशी मिळाली नाही, एवढ्याच कारणावर सुटका मागता येते.

खरी गाळणी पैशांची आहे. वर्षाचा खर्च अनेक ठिकाणी ८५ हजार डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणजे आपले पाऊण कोटी रुपये. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही दोन कॉलेजे परदेशी मुलांची निवड करताना मदतीची मागणी विचारात घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी मात्र मागणीचा आकडा फाइलवर असतो आणि तो निर्णयात मोजला जातो. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर अशी कॉलेजे निवडलेल्या मुलाची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात, पण निवड करतानाच हात आखडता घेतात. ही गरज ठरते सीएसएस प्रोफाइल या फॉर्मवरून. त्यात उत्पन्नाबरोबर राहत्या घराची किंमतही विचारतात, आणि कोथरूडचा जुना फ्लॅट डॉलरमध्ये बराच भारदस्त दिसतो. 'आधी प्रवेश घेऊ, मदत दुसऱ्या वर्षी मागू' हा सल्ला तर घातकच आहे. अनेक कॉलेजे पहिल्या अर्जात मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षे मदतीसाठी दारात उभे करत नाहीत.

अंदाज बांधायचाच असेल तर कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधावे. बहुतेक कॉलेजे हा तक्ता दरवर्षी जाहीर करतात. त्यातल्या एच ६ या कलमात किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते आणि सरासरी किती, हे दिलेले असते. तिथे १२० विद्यार्थी आणि सरासरी ६५ हजार डॉलर असे दिसले, तर १२०ला चारने भागावे. म्हणजे एका वर्षाला जगभरातून तीसेक मुले, आणि त्यात भारताच्या वाट्याला चार-दोन. सरासरी २० हजारांच्या घरात असेल, तर ते कॉलेज गुणवत्तेवर थोडी-थोडी सूट अनेकांना देते असे समजावे. ओहायोतली वूस्टर, डेनिसन ही कॉलेजे अशा शिष्यवृत्त्या देतात. सी ७ कलमात निकषांचे वजन असते. 'अर्जदाराचा रस' यापुढे खूण असेल, तर त्या कॉलेजच्या ऑनलाइन माहितीसत्राला हजेरी लावलेली बरी.

आता पुण्यातली अडचण. इथला मुलगा दहावीनंतर शाळा बदलतो आणि ज्युनिअर कॉलेजच्या शंभराच्या तुकडीत जातो. जेईईचा इंटिग्रेटेड क्लास असेल तर कॉलेजचे तोंडही क्वचितच पाहतो. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेते, 'ती कुठे लागत नाही' म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. अर्ज मात्र बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत जातो. बारावीचा बोर्डाचा निकाल लागतो मे महिन्यात, आणि अमेरिकेतला निर्णय मार्चअखेर झालेला असतो. म्हणजे तिथे अर्ज वाचणाऱ्यापुढे दहावीचे ९५ टक्के आणि अकरावीचे ६२ टक्के, एवढेच येते. त्याला वाटते, पोराने अभ्यास सोडला.

यावर उपाय म्हणजे ज्युनिअर कॉलेजने स्वतः पाठवायची एक पानाची 'स्कूल प्रोफाइल'. अकरावीची परीक्षा अंतर्गत असते, तुकडीत इतकी मुले होती, सर्वाधिक गुण इतके, पहिल्या दहा टक्क्यांत यायला इतके गुण लागले: या चार ओळींनी ६२चा अर्थच बदलतो. शिफारसपत्रांचेही तसेच. ती शिक्षकाने कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवरून स्वतः अपलोड करायची असतात. घरी लिहून आणलेल्या मजकुरावर सरांची सही घेण्याची पद्धत सर्रास आहे. मुलाचा निबंध आणि दोन्ही पत्रे एकाच हाताची निघाली, की वाचणाऱ्याला ते लगेच कळते. ज्या सरांकडे प्रॅक्टिकलला मुलगा खरोखर उभा राहिला, त्यांची साधी दहा वाक्ये अधिक कामाची.

त्यातही वेळेची गंमत बघा. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या ऑनलाइन अर्जाचा, नवा फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. पहिली मुदत बहुधा १ नोव्हेंबर, म्हणजे अनेकदा नेमकी दिवाळीची सुट्टी, ऑफिसला कुलूप आणि शिक्का कपाटात. नववी-दहावीच्या गुणपत्रिका जुन्या शाळेतून आणायच्या त्या वेगळ्याच. हे सारे गणपतीच्या आधी हातात हवे.

उपक्रमांसाठी अर्जात दहा जागा असतात आणि प्रत्येकीला १५० अक्षरे. पंधरा दिवसांच्या संस्थाभेटीची प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा सहा वर्षे वाजवलेला तबला लिहावा. मात्र 'मध्यमा पूर्ण' आयोवातल्या माणसाला काय कळणार? आठवड्याला किती तास, किती वर्षे, कुणाला साथ केली, हे लिहावे, आणि तिथले कॉलेज घेत असेल तर ध्वनिमुद्रण जोडावे.

शहरातल्या ज्युनिअर कॉलेजांना विनंती एवढीच, की जुलैपर्यंत ही एक पानाची प्रोफाइल तयार ठेवावी आणि दिवाळीच्या सुट्टीतही फोन उचलेल अशा एका माणसाकडे हे काम सोपवावे.

— परदेशी पदवीप्रवेशांचे काम पाहणारे काही शिक्षक, पुणे