आरोग्यमंत्री महोदय, आईबापांसाठीही खुर्ची ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमचा मुलगा अकरावीत होता, नीटचा क्लास लावलेला. दिवाळीनंतर त्याचं जेवण कमी झालं, मग तो आंघोळ टाळू लागला. एका रात्री पुस्तकावर डोकं ठेवून म्हणाला, "आई, मले काही वाटतच नाही." तो रडला असता तर मी इतकी घाबरले नसते.

एका सरकारी दवाखान्यात सकाळी साडेआठला रांगेत लागलो, साडेबाराला नंबर आला. डॉक्टर भले होते, पण बाहेर माणसं ताटकळलेली. पाच मिनिटांत गोळ्या लिहून मिळाल्या. गोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनीच त्याला झोप लागली. पण त्याच्याशी बसून बोलणार कोण, ते चिठ्ठीत कुठंच नव्हतं.

शेवटी खासगी मानसोपचारतज्ज्ञ बाई गाठल्या. एका बैठकीचे १२०० रुपये, आठवड्याला एक बैठक. सीबीटी नावाच्या पद्धतीनं त्या काम करतात, म्हणजे बोलता बोलता मनातले विचार तपासायला आणि वागणं बदलायला शिकवतात. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात घडवलेली ही पद्धत मला समजली ती मुलाच्या वहीतून. पानावर चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, मग काय केलं. पहिल्याच ओळीत होतं, "टेस्टमध्ये ३१० मार्क. बाबांना कळलं तर त्यांची मान खाली जाईल." असं त्याचे बाबा कधी बोललेच नव्हते. पण ते तसं म्हणणार नाहीत, हेही त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

चौथ्या बैठकीला बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याआधीचे तीन आठवडे ते बाहेर स्कूटरवरच बसून राहिले होते. "इलाज पोराचा आहे, माझं काय काम?" चौथ्या खेपेला मात्र आत आले. बाईंनी घरचा अभ्यास दिला: रात्री जेवताना दहा मिनिटं, मार्क आणि क्लास सोडून काहीही बोलायचं. पहिल्या रात्री तिघंही गप्प. तिसऱ्या रात्री यांनी आपण दहावीत गणितात नापास झाल्याचं सांगितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, मलाही ते ठाऊक नव्हतं. पुढं बाईंनी यांनाच विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" दुकानाच्या कर्जापायी ती कधीचीच उडाली होती. आता त्यांच्याही बैठका सुरू आहेत.

एक पोरगा बरा व्हायचा तर घरातली तीन माणसं बोलती व्हावी लागली. हे माझ्या एकटीचं मत नाही. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या, भावना सावरायची कौशल्यं शिकवणाऱ्या डीबीटी उपचाराचं किशोरवयीनांसाठी जे रूप पुढं आलं, त्यात आईबाप मुलाच्याच वर्गात बसून तीच कौशल्यं शिकतात. आपल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या, २०१७च्या, कलम १८ मध्ये मुलांसाठीच्या सेवा आहेत आणि कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवाही आहेत. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं, कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. मी शिकवते त्या शाळेत हे काम चित्रकलेच्या बाईंकडे आहे. त्या फार मायाळू आहेत. पण हातावर ब्लेडचे वण घेऊन आलेल्या मुलीपुढे त्यांनी एकटीनं काय करावं?

१४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची, हेल्पलाइन चांगली आहे. रात्री दोनला मी स्वतः फोन लावलाय, पलीकडून मराठीत बोलले. मात्र दर आठवड्याला समोर बसणारं माणूस फोनवर मिळत नाही.

आणि जायचं कुठं? मानसिक आजार म्हटलं की नागपूरकराला १८६४ पासूनचं मनोरुग्णालय आठवतं. ऑटोवाला आजही त्या चौकाला 'पागलखाना चौक' म्हणतो. सोळा वर्षांचं पोट्टं तिथं उतरायला तयार होत नाही, त्याचा बाप तर नाहीच.

म्हणून मागणी एवढीच. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ कुटुंबासाठी ओपीडी ठेवा. सकाळच्या वेळेला पोरांची शाळा बुडते, मजुरी करणाऱ्याचा दिवस जातो, म्हणून बाप येत नाहीत. तिथं गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांसोबत मराठी-हिंदी बोलणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे बोलून उपचार करणारे तज्ज्ञ हवेत, ४५ मिनिटं निवांत बसणारे. आम्ही महिन्याला ४८०० रुपये कसेबसे काढले. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया धुणीभांडी करतात, त्या कुठून काढणार?

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येणारच आहात. नागपूर जिल्ह्यात सरकारी सेवेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची किती पदं भरलेली आहेत आणि किती रिकामी, ते सभागृहात सांगा. आणि संध्याकाळच्या पहिल्या ओपीडीची तारीख सांगा.

आपली,
एक शिक्षिका आणि आई
नागपूर