‘नंतर’च्या नंतर काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतली ‘जिद्दीने घटवले २२ किलो’ ही मुलाखत वाचली. मुलीचं कौतुक आहेच, २२ किलो म्हणजे गंमत नाही. पण तेही चार महिन्यांत, आणि वर ‘आता मागे वळून पाहणार नाही’! अगं बाई, तू नाही पाहणार, वजन पाहतं ना मागे वळून.

मीही २०१४ साली पाच महिन्यांत १६ किलो घटवले होते. जिमवाल्यांनी भिंतीवर माझा ‘आधी-नंतर’ फोटो लावला, पेढे वाटले (वजन उतरलं म्हणून पेढे!). दीड वर्षात सगळं व्याजासकट परत. मेडिकलमध्ये जाताना काचेतून तो ‘नंतर’ दिसायचा, म्हणून मी पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागले. शेवटी २०१७ मध्ये हिय्या करून, फोटो काढा म्हणून सांगायला गेले. काउंटरवर नवा मुलगा. मी तोंड उघडायच्या आत माझ्याच फोटोकडे बोट दाखवून म्हणतो, “काकू, या मॅडमसारखं व्हायचंय ना? वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फ्री.” काय सांगणार कपाळ! माहितीपत्रक घेऊन घरी आले.

मग दीक्षितांचं डाएट झालं, दिवेकरबाईंचं झालं. २०१८ पासून रडतखडत ११ किलो उतरले आणि आजतागायत ६५च्या आसपास धरून ठेवलेत. दर सोमवारी चहाच्या आधी काट्यावर उभी राहते आणि कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, आकडा लिहिते. दिवाळीनंतर ६६.८, तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा खाली. यात जिद्द वगैरे काही नाही. दुधाचा खाडा मांडतो तसंच आहे ते. वर जाऊबाई आहेतच: “झालं ना आता कमी? मग खा की!”

अमेरिकेत टीव्हीवरच्या स्पर्धेत वजन घटवलेल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, २०१६ साली ते छापूनही आलं. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले. शिवाय त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आळशी म्हणून नव्हे हो!

तेव्हा विनंती एवढीच, की याच मुलीकडे पाच वर्षांनी वार्ताहर पाठवा. वजन टिकलं असेल तर पहिल्या पानावर घ्या. वाढलं असेल तरी जा. माझ्याकडे कोणी येणार नाही, ठाऊक आहे. माझा २०२० चा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला, तर केस तेवढे पिकलेले दिसतील.

– एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता.क. मुलाखतीच्या बरोबर मागे तुमच्याच मिसळ महोत्सवाचं कूपन छापलंय. कात्री कुठल्या बाजूने चालवायची? आणि कात्रीवरून आठवलं, रिक्षाच्या मीटरबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत.