मैदानावरच्या प्रार्थनेविषयी

वर्धा

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदेच्या मैदानावर कोणत्याही धर्माची प्रार्थना होऊ देऊ नये, असा ठराव तू मांडणार असल्याचे तुझ्या पत्रातून कळले. नगरसेवक म्हणून तुला जी भांडणे निस्तरावी लागतात, ती पाहता हा विचार का आला हे समजते. तरी ठराव मला पटलेला नाही.

श्रद्धेची जागा देवघरात, हे तुझे म्हणणे सोज्वळ वाटते, पण राज्यघटना तसे सांगत नाही. अनुच्छेद 25 प्रत्येकाला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो; मर्यादा आहेत त्या सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांचे मूलभूत हक्क यांच्या. आषाढीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा रस्ते बंद होतात, आणि आपण कुरकुर न करता वाट वाकडी करतो. मग शुक्रवारच्या नमाजाला किंवा ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनासभेला दुसरे माप का लावायचे?

सरकारने मात्र स्वतः यजमान होऊ नये, याबाबत मी तुझ्याच बाजूचा आहे. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करण्याची दुरुस्ती संविधान सभेत मांडली आणि ती 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. सभेत भाविकांची वाण नव्हती. पण हृदयनाथ कुंझरूंसारख्यांना ती श्रद्धेची सक्ती वाटली. त्याच राज्यघटनेने मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, यांतले हवे ते निवडण्याची मोकळीक दिली. ही तोड मला फार शहाणपणाची वाटते.

इथे सेवाग्रामला संध्याकाळची प्रार्थना आजही उघड्यावर, जमिनीवर बसून होते. गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे आणि कुराणातल्या आयती एकाच बैठकीत म्हटल्या जातात. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीच्या वाल्मीकी मंदिरातल्या सभेत याच आयतींवर आक्षेप आला, तेव्हा गांधीजींनी त्या गाळायला नकार दिला आणि प्रार्थनाच थांबवली. एकाच्या हरकतीपायी साऱ्या सभेने मुके व्हावे, हे मला खरे तर मान्य नाही. पण प्रार्थना चारचौघांत करण्याचा त्यांचा आग्रह कधी सुटला नाही. 20 जानेवारी 1948 रोजी बिर्ला भवनातल्या सभेत स्फोट झाल्यावरही त्यांनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही. दहा दिवसांनी तिकडेच जाताना त्यांची हत्या झाली, म्हणून ‘उघड्यावरची प्रार्थना धोक्याची’ असा निष्कर्ष तू काढशील. मला तो आततायी वाटतो.

तेव्हा ठरावातली सरसकट बंदी काढून टाक. अर्ज येतील त्या क्रमाने सर्वांना मैदान द्यावे. भाडे आणि ध्वनिक्षेपकाच्या वेळा सर्वांना सारख्या असाव्यात. नगरपरिषदेच्या तिजोरीतून कोणाच्याही पूजेला पैसा जाऊ नये आणि कोणत्याही कर्मचाऱ्याला हात जोडण्याची सक्ती होऊ नये. शाळांच्या परिपाठाचा प्रश्न यात घुसडू नकोस, त्याला शिक्षणसंस्थांतल्या धार्मिक शिक्षणाविषयीचा अनुच्छेद 28 वेगळा लागू होतो. नवा मसुदा सभेच्या आधी पाठव, म्हणजे दोघे मिळून कलमवार पाहू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव