बागेला ताण दिला की समुद्रावर जाऊ

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रत्नागिरीचं सांगायला घेतलं, तर बाबांना निम्मं ऐकू गेलं नाही आणि आई, तू "आली ना सुखरूप, मग झालं" म्हणून फोन दादाकडे दिलास. सांगायचं तर खूप राहिलंय. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय. दादाच्या पोरीला दुपारी बाजेवर बसवून सावकाश वाचायला लावा.

काम काय होतं ते आधी उरकते. आमच्या ऑफिसनं मला हापूसची निवड आणि पॅकिंग कसं करतात ते पाहायला पाठवलं होतं, त्यातलं आपल्या संत्र्याला काय लागू पडेल यासाठी. हंगाम अजून लागायचा आहे, त्यामुळे यंत्रं मोकळी होती आणि माणसांना बोलायला वेळ होता. युरोपात जाणारा आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवतात, म्हणजे फळमाशीची अंडी-अळ्या आत जिवंत राहत नाहीत. बाकी यंत्रांचं भेटल्यावर सांगेन.

बाबा, तुमच्यासाठी बागांचं लिहिते. तिथं माती अशी नाहीच. जांभ्या दगडाचे लालसर सडे आहेत, उघडे, सपाट, दूरवर पसरलेले. आपल्या काळ्या वावरात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथं नुसता कातळ. त्या कातळात सुरुंग लावून खड्डे फोडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं. एका बागायतदारानं सांगितलं, त्यांची बाग १९९० च्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतली. मी म्हटलं, आमच्या बाबांनीही संत्रा त्याच योजनेत लावला. त्यानंतर त्यांनी मला पाहुणी म्हणून वागवलंच नाही, घरचं माणूस समजून झाडाझाडाशी नेलं. मोहोर उतरून फळ वाटाण्याएवढं झालं होतं. झाड एकदा धरलं की त्याला पाणी देत नाहीत, मुळं कातळाच्या फटींतून आपली वाट काढतात. आपल्याकडे बोअर हजार फुटांकडे चाललेत, हे त्यांना खरं वाटेना. पण तिथंही सुख नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या चौपटीच्या आसपास, आणि तो सगळा जांभ्यातून झिरपून, उतारावरून समुद्रात जातो. मे महिन्यात वाड्यांवर टँकर लागतो. डिंक्यानं झाडं कशी वाळतात ते मी सांगितलं, फळ वरून धड आणि आत साका, म्हणजे स्पंजासारखा खराब गर, कसा निघतो ते त्यांनी सांगितलं. फार बोललो आम्ही.

काम संपलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. ज्यांच्या गाडीनं फिरत होतो ते चालक मामा म्हणाले, "ताई, गणपतीपुळे करून या. निवळी फाट्यावरून नको, आरे-वाऱ्यानं नेतो." आई, ज्या रस्त्यासाठी मी हे पत्र लिहितेय तो हाच.

रत्नागिरी सोडली की शिरगावच्या पुढं खाडीवरचा पूल लागतो. दोन्ही काठांना कांदळवन, आणि चिखलात होड्या कुशीवर कलंडलेल्या. मी विचारलं, या मोडक्या आहेत का? मामांनी ओहोटीचं सांगितलं आणि मग एक हिशेब दिला, तो बाबांनी नीट ऐकावा. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला भरती, तिथून सहा-सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी, आणि आम्ही चारच्या सुमाराला पुलावर होतो. पौर्णिमेला अकरा-सव्वाअकरा, मग पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं नि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास हलकं, तो भांग. बाबा, तुम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी अजून तोंडपाठ आहे. घरी बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघून तुम्ही रत्नागिरीची भरती सांगू शकता. मला हे इतकं आवडलं की मी ते तिथंच वहीत लिहून घेतलं.

पुढं सुरूची झाडं सुरू होतात आणि रस्ता डोंगराला लागतो. चढत असताना समुद्र दिसत नाही. मग एक वळण येतं आणि डाव्या हाताला सगळं पाणीच. मी मामांना गाडी थांबवायला सांगितलं. खाली एका अंगाला आऱ्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला वाऱ्याची, मध्ये डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं, आणि रस्ता त्याच्या माथ्यावरून जातो. पाणी एका रंगाचं नव्हतं. काठाशी वाळूनं गढूळ, मग हिरवं, आणि लांब गर्द निळं. लाट येताना वरून हळू दिसते, वाटतं काही जोर नसेल. इंजिन बंद झाल्यावर आवाज आला तेव्हा कळलं केवढा जोर आहे ते.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता की सिंभोऱ्याचं धरण पाहिलं, आता समुद्र तो काय वेगळा. १३ दारं उघडल्यावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन ते पाणी दाखवलं होतं, त्याची भीती मला अजून आठवते. पण धरणाला पलीकडचा काठ असतो. कितीही भरलं तरी पलीकडे टेकडी दिसते, झाडं दिसतात, तिथून पाणी कुठं संपतं ते डोळ्यांना कळतं. इथं डोळा जातो, जातो आणि टेकायला काही मिळत नाही. ते कागदावर मला उतरवता येत नाही. तुम्ही ते स्वतः पाहावं असं मला फार वाटतं.

आणि तुम्ही मागं विचारलं होतं, आपल्या वर्धेचं पाणी त्या समुद्राला मिळतं का. नाही मिळत. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी पार पूर्वेला बंगालच्या उपसागराला. आपल्या धुऱ्यावरून वाहिलेलं पाणी तेवढा मुलूख ओलांडून जातं. सह्याद्रीतून इकडे येणाऱ्या काजळी, शास्त्री या नद्या त्यापुढं अगदी छोट्या, घाटात जन्मतात आणि लगेच खारट होतात.

पुढं नेवरे, भंडारपुळे, आणि मग गणपतीपुळे. हा रस्ता सगळा मिळून पंचवीसेक किलोमीटर. आई, देऊळ समुद्राला लागूनच आहे. मूर्ती स्वयंभू, पश्चिमेला तोंड करून, आणि मागचा डोंगरच देवाचं रूप मानतात. म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची, एक किलोमीटरभर. वाट बांधलेली आहे, पण ती तू केलीच पाहिजेस असं नाही. बाहेर बसायला जागा आहे, तिथून लाटा दिसतात. मी तुझ्या नावानं प्रदक्षिणा घातली, नारळ ठेवला. खानावळीत उकडीचे मोदक आणि सोलकढी मिळाली. तुझी माळ आहे, तरी जेवणाची अडचण कुठं येणार नाही.

येताना पुन्हा त्याच रस्त्यानं आलो. दिवस मावळायला आला होता, साडेसहा होऊन गेले होते. तुमच्याकडे तो वीस-पंचवीस मिनिटं आधीच मावळला असणार, आपण तेवढे पूर्वेला आहोत. मला वाटलं आईनं एव्हाना दिवा लावला असेल, आणि इथं सूर्य अजून पाण्याच्या वर आहे. त्या क्षणी मी ठरवलं की तुम्हा दोघांना इथं आणायचंच.

सकाळी गाडीला वेळ होता तेव्हा थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणलं आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. पुन्हा देश दिसला नाही. वाडा मोठा, सुंदर आहे, पण मी तिथं फार थांबले नाही.

आता मुद्द्याचं. आई, तू म्हणशील, "मले काय कराचा हाय समुद्र, माहे गुडघे दुखतेत." वाळूत चालणं तुला जड जाईल हे मला ठाऊक आहे. म्हणून तर हा रस्ता. गाडीत खिडकीशी बसून तुला समुद्र दिसेल, उतरायचीही गरज नाही. प्रकटदिनाला शेगावला जायची तुझी तयारी झालीय ना? बडनेऱ्याहून शेगावकडे जायची तीच लाइन पुढं नेते. नागपूर-मडगाव गाडी सध्या आठवड्यातून दोनदा बडनेऱ्यावरून जाते आणि रत्नागिरीला थांबते. संध्याकाळी बसायचं, रात्री झोपायचं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला पोचायचं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तो पोरीला दाखवू. तिलाही घेऊ.

बाबांची अडचण बागेची. आत्ता संत्र्याचा आंबिया बहार फुटलाय, पाण्याच्या पाळ्या चालू आहेत, तुम्ही हलणार नाही आणि मीही म्हणणार नाही. एप्रिल-मेमध्ये गळ आणि ऊन. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. पण डिसेंबरात माल निघालेला असतो आणि बागेला ताण दिलेला असतो. तेव्हा पाणी द्यायचंच नसतं, मोटर बंद, तुम्ही नुसते धुऱ्यावरून चकरा मारता. त्या चकरा एक आठवडा दादा मारील. मी त्याच्याशी बोलले आहे, तो हो म्हणाला. बडनेऱ्यापर्यंतही तोच सोडेल.

आरक्षण साठ दिवस आधी सुटतं. म्हाताऱ्या माणसांची तिकिटातली सवलत २०२० पासून बंद आहे, त्याची काळजी करू नका, तो खर्च माझा. दोघांना खालचा बर्थ मिळेल असं पाहीन. फक्त दोघांच्या आधारचे फोटो दादाला पाठवायला सांगा, आणि आई, डॉक्टरकडे गुडघ्याची तारीख आहे ती चुकवू नकोस. त्यांना विचार की रात्रभर गाडीत बसणं-झोपणं चालेल का. बाबा, तुम्ही डिसेंबरची पौर्णिमा कॅलेंडरात बघून ठेवा. उधाणाचं पाणी पाहायचं तर त्या सुमाराची तिकिटं काढते.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुमची
मोठी