मोमोएने वापरलेला शब्द

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानी गायिका मोमोए यामागुची हिच्यावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात तिचं नाव छापून आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे आनंदाने दोनदा वाचला. दोन्ही वेळा शेवटच्या परिच्छेदाला अडखळले. ‘संसारासाठी तिने ऐन भरातल्या कारकिर्दीचा त्याग केला’ असं तिथे म्हटलं आहे. मी तीस वर्षं पुण्यात जपानी शिकवते, भाषांतरंही करते. या एका शब्दासाठी हे पत्र.

५ ऑक्टोबर १९८० रोजी तोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये तिची अखेरची मैफल झाली. तेव्हा ती २१ वर्षांची होती. शेवटच्या गाण्याआधी तिने श्रोत्यांचे आभार मानले, ते ‘माझा वागामामा चालवून घेतलात’ म्हणून. ‘मी सुखी होईन’, असंही म्हणाली. ‘वागामामा’ म्हणजे दुसऱ्याचं न ऐकता आपल्याच मनासारखं करणं. खेळण्यासाठी दुकानात लोळण घेणाऱ्या मुलाला जपानी आई याच शब्दाने रागावते. मराठीत त्याला हट्ट म्हणता येईल, फार तर मनमानी. गाणं संपल्यावर तिने हातातला पांढरा माईक रंगमंचावर ठेवला आणि ती आत गेली. पुढे कितीही आग्रह झाला तरी व्यावसायिक गाण्याकडे ती परतली नाही. जिने स्वतःच्या निर्णयाला भर सभेत हट्ट म्हटलं, तिच्या नावावर आपण त्याग कसा लिहायचा?

आणि हा हट्ट काही एकाएकी आलेला नव्हता. मोमोए योकोसुकात वाढली. अमेरिकी नौदलाचा तळ असलेलं हे बंदराचं गाव. वडिलांचं दुसरं घर होतं; आईने दोन मुलींना एकटीने वाढवलं. शाळेत असताना एका सुटीत मोमोए पहाटे घरोघर वृत्तपत्रं टाकत होती. १९७२ च्या अखेरीस ‘स्टार तान्जो’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत तिचा दुसरा क्रमांक आला आणि मे १९७३ मध्ये, चौदाव्या वर्षी, पहिली रेकॉर्ड निघाली. जपानीत अशा कोवळ्या गायक-गायिकांना ‘आयदोरु’ म्हणतात. शब्द इंग्रजी ‘आयडॉल’चाच, पण यात आवाजाइतकाच चेहरा, हसू, वागणं, सगळंच विक्रीला असतं आणि ठरवणारे मोठे असतात. मोमोएच्या तोंडी त्यांनी द्व्यर्थी ओळी घातल्या. १९७४ च्या तिच्या गाजलेल्या गाण्यात मुलीजवळच्या सर्वांत मोलाच्या गोष्टीचा उल्लेख होता. ती गोष्ट कोणती, असं मुलाखत घेणारे तिला पुन्हा पुन्हा विचारत. त्यांना अवघडलेली मुलगी बघायची होती. पंधरा वर्षांची मोमोए एकच उत्तर द्यायची : ‘मागोकोरो’. म्हणजे मनाचा खरेपणा. हे उत्तर मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी माझा आवाज कापतो.

पुढची गोष्ट तुमच्या लेखात आलीच नाही आणि माझ्या मते तीच तिची खरी कारकीर्द आहे. र्‍यूदो उझाकी हे रॉक बँडचे गायक-संगीतकार. त्यांनी आपल्यासाठी चाल करावी, ही मागणी मोमोएची स्वतःची होती. आयदोरुने संगीतकार सुचवायचा, ही त्या काळी रीत नव्हती. उझाकींच्या पत्नी योको आकी यांनी शब्द लिहिले. त्याही योकोसुकात वाढलेल्या. १९७६ मध्ये ‘योकोसुका स्टोरी’ आलं आणि मोमोएचा आवाज खाली, छातीत उतरला. १९७८ च्या ‘प्लेबॅक पार्ट टू’मधली बाई लाल पोर्शे एकटी चालवते, आणि चौकात शेजारचा गाडीवाला ओरडतो तेव्हा त्यालाच सुनावते. (व्यापारी नावं चालत नसल्याने जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर, म्हणजे एनएचकेवर, पोर्शेची नुसती ‘गाडी’ करावी लागली होती.) त्याच वर्षी ३१ डिसेंबरला एनएचकेच्या ‘कोहाकू’ या गाण्यांच्या सामन्यात स्त्रियांच्या लाल संघाचं शेवटचं, मानाचं गाणं तिने गायलं. वय १९.

आता लग्नाविषयी. मिउरा तोमोकाझू तिचा चित्रपटांतला नायक. त्याच्यावर आपलं प्रेम आहे हे तिने ऑक्टोबर १९७९ मध्ये ओसाकातल्या मैफलीत स्वतःच्या तोंडून जाहीर केलं. लग्न आणि निवृत्ती दोन्ही मार्च १९८० मध्ये सांगितलं, आणि निरोपाच्या तोंडावर सप्टेंबरात आत्मचरित्र काढून वडिलांसकट सगळं लिहून टाकलं. लहानपणी जे घर मिळालं नाही ते तिला हवं होतं, असं ते पुस्तक वाचताना मला वाटत राहिलं. ते तिने घेतलं.

त्याग मी जवळून पाहिला आहे. माझी आई संगीत विशारद होती. लग्नानंतर दोन वर्षांत तिची पेटी गल्लीतल्या भजनी मंडळाला देऊन टाकली गेली. तिला कोणी विचारलं नाही. नंतर नातेवाईक मोठ्या कौतुकाने म्हणत, ‘हिने संसारासाठी गाणं सोडलं हो’, आणि आई उठून स्वयंपाकघरात जायची. म्हणून हा शब्द मला सैलपणे वापरलेला सोसत नाही.

त्याच १९८० च्या एप्रिलमध्ये सेइको मात्सुदा या दुसऱ्या आयदोरुची पहिली रेकॉर्ड आली. तिने ओळीने २४ सिंगल, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड, विक्रीत पहिल्या क्रमांकावर नेल्या, लग्न केलं, १९८६ मध्ये मुलगी झाल्यावरही गातच राहिली, आणि मुलीकडे लक्ष नाही म्हणून बोलणी खाल्ली. गाणं सोडणारीला देवी करायचं आणि न सोडणारीला वाईट आई ठरवायचं, या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाने चालतात. आपल्याकडे तो हिशेब अनोळखी नाही.

माझी विनंती एवढीच, की ‘त्याग’ या शब्दाची दुरुस्ती छापावी, आणि जमलं तर उझाकी-आकी यांच्या गाण्यांवर एक लेख द्यावा. मोमोएने २०१९ मध्ये कापडाचे तुकडे जोडून केलेल्या आपल्या क्विल्टचं, म्हणजे आपल्या गोधडीच्याच जातीच्या कामाचं पुस्तक काढलं, तेही त्यात यावं. तुमचे कोणी वाचक जपानला जाणार असतील, तर योकोहामाहून केइक्यू रेल्वेने योकोसुका-चुओ स्थानकावर अवश्य उतरावं. गाडी फलाटाला लागताना तिथे ‘योकोसुका स्टोरी’ची धून वाजते.

आपली,
एक जपानी अनुवादक, कोथरूड, पुणे